चतुर्थीआधीची दुरुस्ती : पेटी, पखवाज आणि भोंगा

श्रावण लागला की वाडीवाडीतली भजनाची पेटी कपाटातून बाहेर येते आणि पावसाळी दमट हवेने काय केलं ते तेव्हा कळतं. या अंकासाठी आलेल्या पत्रांतली बहुतेक भजन मंडळांची आहेत. सगळ्यांचं म्हणणं एकच आहे, नवं घेणं परवडत नाही, जुनंच कमी खर्चात कसं चालवावं?

प्रश्न : मुंबईहून एक चाकरमानी आपली जुनी डबल सुरांची (प्रत्येक पट्टीला दोन सूर असलेली) पेटी मंडळाला द्यायला तयार आहे. दिसायला चकचकीत आहे. घेण्याआधी काय बघावं? मागून खर्च अंगावर पडायला नको. (कणकवली तालुका)

पॉलिशकडे बघूच नका. जुन्या पेटीत पैसे मोजावेत अशा दोनच गोष्टी असतात, पितळी सूर (चौकटीवर बसवलेली, हवेने थरथरून वाजणारी पातळ जीभ) आणि ते ज्या फळीवर बसवलेले असतात ती फळी. भाता, कातडं, स्प्रिंगा, खुंट्या (सुरांकडे जाणारी हवा सोडणाऱ्या-अडवणाऱ्या) हे सगळं थोडक्यात बदलता येतं. सूर गेले किंवा फळी तडकली असेल तर पेटी फुकटात मिळाली तरी महाग पडते.

पेटी वाजवून दाखवतात तेव्हा ऐकत बसू नका, स्वतः हात घाला. आधी सगळ्या खुंट्या बंद करा आणि पोटातला भाता पूर्ण भरेपर्यंत हवा मारा. भरला की हातातला भाता जड लागतो. आता हात सोडा. हातातला भाता आपोआप मागे ढकलला गेला, तर दोन्ही भात्यांमधली कातड्याची झडप नीट बसत नाही. तो मागे येत नाही पण पोटातला भाता भराभर बसतो, तर घडीत किंवा कोपऱ्यात भोक आहे. ही दोन्ही कामं स्वस्तात होतात, त्यांच्यासाठी पेटी नाकारू नका, फक्त किंमत कमी करून घ्या.

मग पुन्हा हवा भरा, खुंट्या उघडा आणि एकही पट्टी दाबू नका. हवा आता पहिल्यापेक्षा लवकर संपली, तर पट्ट्यांच्या झडपांखालचं कातडं झिजलंय किंवा सुरांची फळी कडेने बसत नाही. एखादा सूर आपोआप बोलू लागला तर आधी कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातलीही दाबणारी जोडणी) बंद आहे ना ते पाहा. अर्ध्या वेळा दोष तिथेच असतो.

यानंतरची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची. नुसती खर्जाची (खालच्या सुरांच्या ओळीची) खुंटी उघडून प्रत्येक पट्टी वाजवा, मग नुसती नराची (तिच्या वरच्या सुरांच्या ओळीची). दोन्ही एकत्र उघडून वाजवली की मुका सूर दुसऱ्याच्या आवाजाखाली लपतो, आणि विकणारा बहुधा एकत्रच वाजवून दाखवतो. हवा अगदी हलकी ठेवा. चांगला सूर हलक्या हवेतही लगेच उठतो. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांपैकी एक दाबल्यावर दुसरीचा बारीक आवाज येत असेल, तर फळीला दोन भोकांच्या मधोमध तडा आहे. अशी पेटी सोडून द्या.

शेवटी वरची जाळी काढून आत टॉर्च मारा. लाकडाचं पिवळसर पीठ दिसलं तर कीड आहे. उंदराने भात्याचा कागद कुरतडलाय का तेही बघा. खळीच्या वासाने तो येतो.

भात्याला भोक असेल तर दुरुस्ती घरी करता येते. उदबत्ती पेटवून घडीच्या जवळून हळूहळू फिरवा, धूर जिथे फुंकला जातो तिथे भोक. जुना निघालेला कागद खरवडून काढा. मेंढीच्या पातळ कातड्याचा तुकडा भोकाच्या चारी बाजूंना दोन सेंटीमीटर जास्त येईल असा कापा आणि त्याच्या कडा पात्याने छिलून पातळ करा, नाहीतर घडी मिटताना कड उचलली जाते. फेव्हिकॉलचा अगदी पातळ हात द्या. भाता अर्धा उघडा ठेवून, घड्यांमध्ये वर्तमानपत्राचे तुकडे घालून वाळवा. एरवी एक दिवस पुरतो, पावसात दोन द्या. रेक्झिन नको, घडीवर ते ताठ होऊन तडकतं. चिकटपट्टी तर मुळीच नको, दमट हवेत ती सुटते आणि तिचा चिकटा कातड्यात मुरून पुढचं ठिगळ धरू देत नाही.

प्रश्न : आमच्या पेटीतले नराचे दोन सूर मुके झालेत, एक झणझणतो, आणि मधल्या सप्तकातल्या गंधाराची जीभ तुटली आहे. कारागीर चतुर्थीआधी मोकळा नाही. (वेंगुर्ले)

समुद्राजवळच्या गावात पितळावर हिरवट थर चढतो. जीभ आणि तिची चौकट यांच्यामधली फट केसाइतकी असते, तेवढी बुजायला हा थर आणि थोडी धूळ पुरते.

सुरांची फळी काही पेट्यांत बिजागरीवर असते, काहींत स्क्रूंवर. खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि पट्ट्या काढायच्या असतील तर मागे पेन्सिलीने आकडे घाला. मुक्या सुराची जीभ पातळ पात्याने किंचित, नखाएवढीसुद्धा नाही, उचला. खाली अर्धा सेंटीमीटर रुंदीची कागदाची पट्टी सरकवा आणि टोकाच्या दिशेने सरळ ओढून घ्या. दोनतीनदा केलं की हिरवट पूड कागदावर येते. वर मऊ कोरडा ब्रश फिरवा. बहुतेक मुके सूर एवढ्यानेच बोलतात. सूर जरा उतरलेला वाटत असेल तरी आधी साफ करून बघा, टोकावर मळ साचला की जीभ जड होते आणि सूर खाली येतो.

आपल्याकडे पितळेची भांडी आमसुलाने किंवा चिंचेने लख्ख करतात. सुरांना ते कधीही लावू नका. आंबट पदार्थ पितळ खातो, आणि जिभेचं पितळ टोकाकडे कमी झालं तर सूर चढतो, मुळाकडे कमी झालं तर उतरतो. पॉलिश पेपरचंही तेच. तेल किंवा गंज सोडवण्याचा स्प्रे मारला तर धूळ त्यावर चिकटून महिन्याभरात सूर पुन्हा मुका होतो.

झणझणणाऱ्या सुराचा स्क्रू आधी आवळून पाहा. तो घट्ट असेल तर सूर काढून उजेडासमोर धरा. जिभेच्या दोन्ही बाजूंना उजेडाची सारखी रेघ दिसायला हवी. एका बाजूला दिसत नसेल तर जीभ तिथे घासते. रिबिटाजवळ हलक्या हाताने केसभर सरकवा. टोकही बघा, ते चौकटीपासून जिभेच्या जाडीइतकं वर असावं. फार खाली असेल तर जोरात हवा दिल्यावर सूर गुदमरतो, फार वर असेल तर उशिरा उठतो.

तुटलेल्या गंधारावर तात्पुरती तोड आहे. त्याच पट्टीवर खर्जाची ओळ नराच्या एक सप्तक खाली बोलते. म्हणजे मधल्या सप्तकातल्या नराच्या गंधाराचाच स्वर खर्जाच्या ओळीत वरच्या सप्तकाच्या गंधाराखाली बसलेला आहे. भजनात तिथे हात क्वचित जातो. तो सूर काढून तुटलेल्याच्या जागी बसवा. एकाच कारखान्याचे सूर असतील तर माप जुळतं. तुटलेल्या सुराच्या खाचेवर दोन्ही बाजूंनी कागद चिकटवून तो वरच्या रिकाम्या जागी लावा. जागा उघडी सोडलीत तर ती पट्टी दाबताच सगळी हवा तिथून निघून जाईल. चतुर्थी पार पडली की कारागिराकडून नवा सूर घालून घ्या.

प्रश्न : पुराचं पाणी शिरून पेटी रात्रभर बुडाली. काही वाचेल का? (चिपळूण)

खोकं वाचत नाही, सांधे सुटतात आणि फळी वाकते. सूर मात्र वाचतात, पण गाळ वाळायच्या आत काढले तर. स्वच्छ पाण्यात एकेक सूर धुवा, सुती कापडावर पंख्याखाली वाळवा आणि क्रमाने आकडे घातलेल्या कागदी पाकिटांत ठेवा. एखाद्या साध्या, सूर गेलेल्या पेटीच्या खोक्यात कारागीर ते बसवून देऊ शकतो.

प्रश्न : पखवाजाची शाई नखाएवढी उडाली आहे. घरी भरता येईल का? पावसात आवाजही बसतो. (राजापूर तालुका)

शाई, म्हणजे कातड्यावरचा तो काळा गोल, घरी भरता येत नाही. ती थरावर थर देऊन दगडाने घोटलेली असते आणि त्या घोटण्याने तिच्यात अतिबारीक भेगा पडतात, म्हणून ती कातड्याबरोबर हलते. काजळ आणि फेव्हिकॉल भरलंत तर तिथे एक ताठ गोळा तयार होतो आणि नाद मरतो. फक्त उजवी पुडी (शाई असलेलं कातडं) बदलून घ्या, खोड (लाकडी अंग) तेच राहू द्या. माप तोंडी सांगू नका, खोडच दुकानात न्या.

पावसात कातडं सैल पडतं म्हणून आपण ताणत जातो. नट-बोल्टचा पखवाज असेल तर एक नट पाव फेरा, मग बरोबर समोरचा पाव फेरा, असं आवळा, आणि एकूण किती फेरे दिले ते लिहून ठेवा. चतुर्थी झाली की तेवढेच फेरे सोडा. ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात कातडं आकसतं आणि ताणलेली पुडी कपाटात ठेवल्या ठेवल्या फाटते. धुम्याची (डाव्या तोंडाची) कणीक त्याच रात्री ओल्या बोटाने काढून कातडं कोरडं पुसा. राहिली तर बुरशी आणि झुरळं दोन्ही येतात.

प्रश्न : भोंग्याच्या युनिटचा डायफ्रॅम वर्षात दोनदा गेला. युनिट सोळा ओहमचं आहे. नवं युनिट घ्यावं का? (देवगड)

युनिट घेऊ नका, आधी गेलेला डायफ्रॅम (युनिटमधला आवाज काढणारा पातळ पडदा) हातात घेऊन नीट पाहा. त्याची गोल कॉईल काळी पडली असेल तर ती जळलेली आहे. कॉईल चकचकीत पण पडदा फाटलेला किंवा तार तुटलेली असेल, तर बेस जास्त गेलाय. पखवाजाचा धुमा भोंग्यावर सोडला की हे हमखास होतं. अँप्लिफायरचा बेस पूर्ण खाली घ्या.

कॉईल जळली असेल तर अँप्लिफायरच्या मागची जोडणी तपासा. तिथे 4, 8, 16 ओहम आणि 100 व्होल्ट अशी वेगवेगळी टोकं असतात. 100 व्होल्टचं टोक लाइन ट्रान्सफॉर्मर असलेल्या भोंग्यासाठी आहे, साधं युनिट त्यावर लावलं की जळतं. सोळा ओहमचं एक युनिट 16 वर, समांतर जोडलेली दोन 8 वर, चार 4 वर.

नवा डायफ्रॅम बसवताना चुंबकाची गोल खाच साफ करणं बरेच जण विसरतात आणि मग नवा पडदाही खरखरतो. खाऱ्या हवेने तिथे गंजाची बारीक कुसळं साचतात, आणि ती लोखंडाची असल्याने फुंकून निघत नाहीत. जाड कार्डाच्या तुकड्यावर चिकटपट्टी चिकट बाजू बाहेर करून गुंडाळा आणि खाचेतून गोल फिरवा. पट्टीवर तपकिरी डाग येणं थांबेपर्यंत पट्टी बदलत राहा. मग पडदा ठेवून स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरचे असे आवळा. मल्टिमीटरवर कॉईल सोळापेक्षा थोडी कमी, बारा ते चौदा ओहम दाखवेल. ते बरोबरच आहे. काहीच दाखवलं नाही तर तार तुटलेली आहे, दुकानातून लगेच बदलून घ्या.