खगोलशास्त्रातल्या शब्दांच्या भेंड्या मुलांकडून कशा खेळून घ्याव्यात? आमचा खेळ सारखा ‘र’वर अडकतो.

तुम्ही लिहिलंय की फोंड्याला उन्हाळी शिबिरात पाचवी ते सातवीच्या मुलांच्या भेंड्या घेतल्या आणि थोड्याच वेळात गाडी ‘र’वर येऊन थांबली. थांबणारच हो. चंद्र, शुक्र, गुरू, तारा, नक्षत्र, चित्रा, आर्द्रा, कृष्णविवर, सगळ्यांचा शेवट ‘र’. उलट ‘र’ने सुरू होणारं मुलांना काय आठवतं? राहू, राशी, रोहिणी. संपलं.

मी डिचोलीला शिकवण्या घेते आणि आमच्याकडे हा खेळ पावसाळ्यातला. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गोव्यात आकाश दिसायची मारामार, मग शब्दांवरच भागवायचं. माझं मत असं की ‘र’ची शिदोरी आधीच बांधून द्यावी: रेवती, राजन्य (मृगाच्या पायाशी असलेला निळसर तारा), शनीचा उपग्रह रिया, रेडिओ दुर्बीण, रोश मर्यादा. शेवटचा शब्द ऐकून पोरं हसतात. पण ग्रहाच्या फार जवळ गेलेला उपग्रह ज्या अंतराच्या आत ग्रहाच्या ओढीने फुटू शकतो ते हे अंतर, असं सांगितलं की लगेच शनीच्या कड्यांवर प्रश्न सुरू होतात.

आता नियम. मात्रा सोडून द्यायची, नुसतं अक्षर घ्यायचं, म्हणजे ‘शनी’नंतर ‘न’. जोडाक्षरातलं शेवटचं घ्यायचं, म्हणजे ‘सूर्य’नंतर ‘य’ (युती, ययाती हा तारकासमूह, गुरूचा उपग्रह युरोपा, योगतारा म्हणजे नक्षत्रातला मुख्य तारा). ‘ण’ आला तर ‘न’, ‘ळ’ आला तर ‘ल’. ही सवलत दिली नाही तर ग्रहण, श्रवण, उत्तरायण, मंगळ, मूळ यांतला एकही शब्द वापरता येणार नाही, आणि मंगळाशिवाय कसला खेळ! ‘ल’वर लघुग्रह आहे, लुब्धक आहे. लुब्धक म्हणजे आपला व्याधच, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. एकाच ताऱ्याची दोन नावं हाताशी असली की अडचणीत दोन वाटा मिळतात. युरेनसचंही तसंच. पंचांग वाचणाऱ्या घरात त्याला हर्षल म्हणतात, कारण 1781 मध्ये तो विल्यम हर्शेलने शोधला. युरेनस म्हटलं की पुढच्याला ‘स’, हर्षल म्हटलं की ‘ल’. दोन्ही चालू द्या.

खरी गंमत ‘ठ’ची. ज्येष्ठा, धनिष्ठा, वसिष्ठ, शर्मिष्ठा अशी चार वजनदार नावं ‘ठ’वर संपतात आणि ‘ठ’ने सुरू होणारं मला तरी आकाशात काही सापडलेलं नाही. एखाद्या हुशार पोराच्या हे लक्षात आलं की ते ‘ज’ची वाट बघत बसतं आणि ‘ज्येष्ठा’ म्हणून समोरच्याची बोलती बंद करतं. म्हणून आमच्याकडे ‘ठ’ आला की पुढच्याला हवं ते अक्षर मोफत. मग ज्येष्ठा म्हणणं म्हणजे आपल्या हाताने समोरच्याला वाट करून देणं. पूर्वाषाढा-उत्तराषाढाच्या ‘ढ’लाही तोच न्याय. ‘ढ’वर एकाने ‘ढग’ म्हटलं होतं. नियमात बसत नाही, पण जुलै महिना होता, मी गुण दिले. ‘घ’ मात्र सोडू नका: मघा आणि तेजोमेघ दोन्ही तिथे नेऊन सोडतात, पण 24 मिनिटांची घटिका आहे, आणि तिच्यावरून ‘क’ मिळाला की कक्षा, केतू, कृत्तिका, क्रांतिवृत्त असं पुष्कळ मोकळं होतं.

‘तारा’ला विशेषणं जोडून पळवाटा काढू देऊ नका. ध्रुवतारा चालेल, न्यूट्रॉन तारा चालेल, ‘चमकणारा तारा’ नाही.

आणि एक अट मी कधीच सोडत नाही. शब्द म्हणणाऱ्याने त्याच्याबद्दल एक खरं वाक्य सांगायचं, नाहीतर शब्द बाद. यानेच खेळ पाठांतरातून सुटतो. घरात आजी असेल तर तिला पुढे बसवा, सत्तावीस नक्षत्रं तिला तोंडपाठ असतात. आमच्याकडच्या एका आजींनी ‘मृग’ म्हणून वाक्य दिलं: “मृग लागला की पाऊस.” त्यावर नातू म्हणाला, मग जूनमध्ये मृग दिसायला हवा, पण तो तर दिसत नाही. दिसत नाही, कारण जूनच्या 7-8 तारखेला मृग लागतो म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात जातो, आणि सूर्याच्या पाठीमागचं नक्षत्र रात्री कुठून दिसणार? ते बघायचं जानेवारीत. दोघांचंही वाक्य खरं धरलं.

तुमचं शिबिर मे महिन्यात असेल तर अर्धा खेळ गच्चीवर घ्या. म्हटलेला तारा बोटाने दाखवला तर दुप्पट गुण. ध्रुवाला मुलं हमखास चुकतात, कारण त्यांना वाटतं तो डोक्यावर, झगमगीत असेल. गोवा साधारण 15 अंश अक्षांशावर, म्हणून ध्रुवही उत्तर क्षितिजापासून तेवढाच वर, आणि तेजाने अगदी मध्यम. हात लांब करून मूठ धरली की ती सुमारे 10 अंश भरते. क्षितिजापासून दीड मूठ मोजायला लावा, सापडतो. त्याच महिन्याच्या मध्याला रात्री साडेनवाच्या सुमारास मागे वळून दक्षिणेला बघा. जवळपास तेवढ्याच उंचीवर त्रिशंकू (क्रुसाच्या आकाराचा चार ताऱ्यांचा समूह) उभा असतो. माड आडवे आले तर मात्र दोघांपैकी एकही दिसणार नाही, तेव्हा गच्ची आधी बघून ठेवा. माडांचा त्रास फारच असेल तर काणकोण किंवा पेडण्याकडचा, दिवे कमी असलेला किनारा बरा.

सुरुवातीचा शब्द तुम्हीच द्या आणि ‘तारा’ देऊ नका. ‘पृथ्वी’ द्या. ‘व’वर व्याध, विशाखा, वृषभ, वृश्चिक, वासुकी, विषुववृत्त, वसंतसंपात इतकं पडलंय की लाजरी पोरंही पहिल्या फेरीत बोलतात.