तालुक्याच्या गावात मुलांसाठी 'हात लावून बघा' संग्रहालय काढलं, तर गावाला त्याचा काय उपयोग?

करमणूक सोडून गावाच्या पदरात काय पडतं, असं तुम्ही विचारलंय. मी परभणी जिल्ह्यात शिक्षक आहे. आमच्या शाळेच्या जुन्या खोलीत असं छोटं दालन चालतं, त्यावरून सांगतो.

गावातल्या जाणत्या माणसांना शिकवायला जागा मिळते. माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हाच.

आमच्याकडे एक तिफण, म्हणजे पेरणीचं जुनं अवजार आहे. वर बी ओतायचं चाडं, खाली तीन नळे, नळ्यांखाली वाट्या. पोरं ज्वारी भसकन ओततात. एक वाटी भरते, दुसरीत चार दाणे. मग जन्मभर पेरणी केलेली एखादी आजी पुढे येते, मूठ कशी धरायची, बोटांतून बी कसं सोडायचं ते दाखवते. पोरं पुन्हा ओततात, वाट्यांतले दाणे मोजतात, सरासरीही काढतात, कुणी न सांगता! ट्रॅक्टरच्या पेरणीमुळे आज हे कौशल्य घरात कुणी विचारत नाही. इथे त्याच आजीभोवती पोरांचा गराडा पडतो. हे बघून मला फार बरं वाटतं.

जगातलं पहिलं बालसंग्रहालय १८९९ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये निघालं. पुढे १९६०च्या दशकात बोस्टनच्या बालसंग्रहालयाचे संचालक मायकेल स्पॉक यांनी काचेच्या कपाटातल्या वस्तू मुलांच्या हाती दिल्या. आपल्याला तर विषयही शोधत फिरायला नको. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत डोंगराकडचं पाणी मातीच्या नळांतून खाली येतं, पुन्हा वर चढतं आणि त्यावर जातं फिरायचं. पारदर्शक नळी आणि दोन बादल्या घ्या, खाली उतरलेलं पाणी पुन्हा वर कसं चढतं ते मुलं स्वतः करून बघतील.

पैशाआधी दुरुस्ती करणारा माणूस शोधा, ही कळकळीची विनंती. हाताळायच्या वस्तू मोडणारच. आमच्याकडे सायकलवाला आणि सुतार मुलांदेखत दुरुस्ती करतात, आणि कित्येक मुलं फक्त तेच बघायला थांबतात. मोडेल म्हणून कुलूप लावलं, की दालन संपलं. विजेवर चालणारी महागडी मॉडेल्स सध्या घेऊच नका. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करायला शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची आणि काडेपेटीच्या काड्यांची खेळणी सुरुवातीला पुरेशी आहेत.

आणि आठवडी बाजाराच्या दिवशी दालन उघडं ठेवा. त्या दिवशी खेड्यापाड्यातले आईबाप लेकरांना घेऊन तालुक्याला येतातच.