बरणीवरचं हिम टिकावं म्हणून

प्रश्न : नाताळसाठी आत मेणबत्ती लावायला म्हणून जॅमच्या रिकाम्या बरणीला बाहेरून फेव्हिकॉल लावून मीठ भुरभुरवलं. वाळल्यावर मधूनमधून काच उघडी पडली आणि हात लावला की मीठ झडतं. हिमाचा थर नीट कसा बसेल?
– वाचक, नाशिक

उत्तर : बहुतेक वेळा दोष काचेवरच्या तेलकटपणाचा असतो. लेबल काढायला बरणी कोमट पाण्यात तासभर भिजवा. चिकटा राहिलाच तर खोबरेल तेल आणि खाण्याचा सोडा समप्रमाणात कालवून त्याने चोळा. मग भांड्यांच्या साबणाने दोनदा धुवा आणि कोरडी करून स्पिरिटचा बोळा फिरवा. यानंतर काच फक्त काठाला धरायची, कारण बोटांचे ठसे उमटले की डिंक नेमका तिथेच सुटतो.

मिठाऐवजी एप्सम सॉल्ट घ्या. याचे खडे सुईसारखे लांबट असल्याने उजेडात चमकतात. औषधाच्या दुकानात मिळतं. तुमच्याकडे कृषी सेवा केंद्रातही मॅग्नेशियम सल्फेट या नावाने मिळेल. अर्धा लिटरच्या बरणीला अर्धी वाटी पुरते, पण परातीत एक वाटी पसरा म्हणजे बरणी नीट लोळवता येते.

फेव्हिकॉल चार चमचे आणि पाणी एक चमचा, याहून पातळ नको. पातळ केलं तर ओघळतं, शिवाय जादा पाण्यात खडे विरघळून पांढरी साय धरते. पंखा बंद करा. आधी अर्ध्याच बरणीला ब्रशने डिंक लावून ती लगेच खड्यांवर लोळवा आणि तळव्याने हलकं दाबा. मग उरलेला अर्धा भाग. सगळीकडे एकदम लावलं तर शेवटच्या भागापर्यंत पोचेतो पहिला वाळलेला असतो. तुमच्या बरणीवर हेही झालं असावं. तोंडाजवळची दोन बोटं काच कोरी ठेवा.

चांदणी किंवा सूचिपर्णी झाडाचा आकार हवा असेल तर मास्किंग टेप कापून आधीच चिकटवा. खडे लावल्यावर वीसेक मिनिटांनी, डिंक ओलसर असतानाच टेप सोलायची. पूर्ण वाळल्यावर ओढली तर कडेचे खडे सोबत निघतात. उघड्या काचेतून ज्योत थेट दिसते आणि बाकीच्या थरातून मंद उजेड झिरपतो. या कामातली खरी शोभा हीच, त्यामुळे टेपचा कंटाळा करू नका.

बरणी एक दिवस सावलीत वाळवा. ओव्हनमध्ये किंवा हीटरसमोर ठेवू नका. उष्णतेने खड्यांतलं पाणी निघून जातं आणि त्यांची पांढरी भुकटी होते.

प्रश्न : आमच्याकडे हवा दमट. मिठाला पाणी सुटून बरणी चिकट होते. वरून वॉर्निश मारू का?
– वाचक, रत्नागिरी

उत्तर : ब्रशने मारायचं पाण्याचं वॉर्निश नको, त्याने खडेच विरघळतात. पारदर्शक लॅकर स्प्रेचे दोन पातळ हात मोकळ्या हवेत, फक्त बाहेरून द्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मेणबत्ती पेटवू नका, कारण ओलं लॅकर पेट घेतं. किनारपट्टीवर त्याहून भरवशाची आहे ती आपली पांढरी रांगोळी. दगडाची पूड असल्याने तिला पाणी सुटत नाही. तिच्यातून उजेड कमी येतो, म्हणून खालच्या तिसऱ्या भागात दाट लावा आणि वर विरळ होत जाऊ द्या. साचलेलं हिम असंच दिसतं.

प्रश्न : उंच बरणीत टी-लाइट (पत्र्याच्या वाटीतली छोटी मेणबत्ती) ठेवली की ज्योत फडफडून विझते, काच काळी पडते. आत कापूस घातला तर हिमासारखा दिसेल का?
– वाचक, पुणे

उत्तर : कापूस, थर्माकोल, वाळलेली फुलं यांतलं काहीही आत नको. हे सगळं क्षणात पेट घेतं.

अरुंद तोंडातून गरम हवा वर येत असते, तिच्यातूनच ताजी हवा तळापर्यंत पोचत नाही. ज्योत गुदमरते आणि काजळी धरते. तोंड किमान सात सेंटिमीटर रुंद असलेली बसकी बरणी घ्या. तळाला दोन-तीन सेंटिमीटर कोरडी वाळू किंवा खडे मीठ भरा. त्याने मेणबत्ती उंचावते आणि टी-लाइटच्या तापलेल्या वाटीचा चटका थेट तळाला बसत नाही. मेणबत्ती बरोबर मध्यावर हवी. एका बाजूला झुकली तर तेवढीच काच तापून तडकते. वात पाच-सहा मिलिमीटरवर कातरा. गळ्याला सुतळी बांधायची असेल तर काठापासून दोन बोटं खाली बांधा आणि टोकं लोंबती ठेवू नका. काजळी पुसायची ती बरणी पूर्ण निवल्यावर, कोरड्या फडक्याने. बाहेर हिम असलेली बरणी पाण्याखाली धरता येत नाही.