केनियाला सेवेसाठी यायचंय? आधी बोलावणं दोघांच्या नावाचं घ्या

भाऊ, वहिनी, सलाम.

तुमचा निरोप मिळाला. भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, वहिनींनी सिव्हिलमध्ये सिस्टर म्हणून उभी हयात काढली, मुलं मार्गाला लागली. आता दोन-तीन वर्षं केनियाच्या किनाऱ्यावर मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामाला द्यायची तुमच्या मनात आहे. वय आड येईल का, पैशाचं कसं करायचं आणि मुलांना काय सांगायचं, असं विचारलंत. आम्ही दोघं याच कामासाठी मोंबासाला आलो आणि इथलेच झालो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वयाची काळजी सोडा. इथे पिकल्या केसांना मान आहे. लहान मुलं रस्त्यात थांबून 'शिकामू' म्हणतात, हा मोठ्यांना करायचा नमस्कार, आणि उत्तरादाखल आपण 'मराहाबा' म्हणायचं. तिशीतल्या मिशनऱ्याला जे दार उघडायला वर्ष लागतं, ते वयस्क जोडप्याला लवकर उघडतं. घरातलं भांडण, सुनेचं गाऱ्हाणं, मुलाचं दारूचं व्यसन, या गोष्टी लोक तुमच्यापाशी आपणहून बोलतील.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या निरोपात भाऊंचं पाचारण, भाऊंचं काम, भाऊंची योजना आहे, आणि शेवटी 'ही पण सोबत असेलच' एवढंच. तिथेच थांबा आणि दोघं बसून नीट बोला. इथला कायदाही याच ठिकाणी अडवतो. पगार नसला तरी सेवेसाठी वर्क परमिट लागतं. धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी क्लास आय हा परवाना आहे आणि त्यासाठी तुम्हाला बोलावणारी, इथे नोंदणी झालेली मंडळी कागदपत्रं देते. तो फक्त भाऊंच्या नावाने काढला, तर वहिनी डिपेंडंट पासवर, म्हणजे नवऱ्यावर अवलंबून म्हणून, येतील आणि त्या पासवर काम करता येत नाही. इतकी वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या बाईने इथे येऊन नुसतं घरात बसायचं? अशी जोडपी वर्षाच्या आत परत गेलेली मी पाहिली आहेत, आणि त्याला मलेरिया किंवा पैसा हे कारण नव्हतं.

म्हणून दोघांचे अर्ज वेगळे हवेत आणि दोघांचं काम बोलावण्याच्या पत्रात स्पष्ट लिहिलेलं हवं. वहिनी, इथे नर्स म्हणून रुग्णांना हात लावायचा तर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. भाऊ, वर्गात शिकवायचं तर टीएससीची, म्हणजे इथल्या शिक्षक आयोगाची. त्या फेऱ्यात पडायचं नसेल तर काम तसंच ठरवा. मदर्स युनियनच्या, म्हणजे चर्चच्या महिला मंडळाच्या, बायकांसोबत घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची विचारपूस, बाळंतिणींशी बोलणं, शब्बाथ शाळेच्या शिक्षकांची तयारी करून घेणं, मंडळीचे हिशेब नीट लावून देणं, या सगळ्याला माणसं हवीच आहेत.

नवरा-बायकोने मिळून सेवेला निघायचं हे आपल्या भागाला नवं नाही. नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं शिकली. त्यांच्यातले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर १८६४ मध्ये आपापल्या बायकांसह इथे मोंबासाजवळच्या राबाईला आले. पुढे १८७५ मध्ये मोंबासासमोर फ्रीअरटाऊन हे मुक्त झालेल्या गुलामांचं गाव वसलं, तेही शरणपूर चालवलेल्या प्राइससाहेबांच्या देखरेखीखाली. तिथली घंटा ज्या चौकात आहे त्याला आजही केंगेलेनी म्हणतात, स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा. जोन्स आणि सेमलर यांना १८८५ मध्ये चर्चचे धर्मसेवक म्हणून दीक्षा मिळाली. त्यांच्या बायकांबद्दल पुस्तकांत फार थोडं सापडतं, याचं मला फार वाईट वाटतं.

इथे आपली ओळख काय असते, तेही आधीच सांगते. किनाऱ्यावर भारतीय माणूस म्हणजे 'मुहिंदी', आणि मुहिंदी म्हणजे दुकानदार नाहीतर मालक. तुम्ही मदतीला आलात हे लोकांना एकदम पटणार नाही. घरी जेवायला बोलावतील तेव्हा घरातली एखादी मुलगी जग आणि घमेलं घेऊन येईल आणि तुमच्या हातांवर कोमट पाणी ओतेल. तेव्हा चमचा मागू नका. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, हाताने मोडा, अंगठ्याने खळगा करा, सुकुमा विकीची पालेभाजी त्यात उचला. भाकरी खाणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. नंतर आपल्या घरी त्यांना बोलवाल तेव्हा जग तुम्ही धरा, आणि भाऊ, तुम्ही स्वतः धरा. मुहिंदी बाबांनी हातावर पाणी घातलं ही गोष्ट पूर्ण मंडळीत पोहोचते.

दुसरी अवघड गोष्ट पैशाची मागणी. उपासना संपली की एखादी आई प्लास्टिकच्या पिशवीत जपून घडी घातलेला फीचा कागद काढेल. मुलाला शाळेतून घरी पाठवलेलं असेल आणि ती खरंच बोलत असेल. मन घट्ट करा असं मी म्हणणार नाही. पण हातात रोख देऊ नका किंवा एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे, करू नका. महिन्याला किती द्यायचं ते दोघांनी आधी ठरवा, ते मंडळीच्या निधीत टाका आणि कोणाला द्यायचं ते इथल्या वडीलमंडळींना ठरवू द्या. एकाने गुपचूप दिलं की दुसऱ्याला नाही म्हणणं अशक्य होतं, आणि त्यावरून घरातही खटके उडतात.

परिसराबद्दल एक गंभीर गोष्ट. २०२३ मध्ये किलिफी काउंटीतल्या शाकाहोलाच्या जंगलात, उपास करून मरा म्हणजे येशू भेटेल अशा शिकवणीपायी गेलेल्या ४०० हून अधिक लोकांचे मृतदेह निघाले. तेव्हापासून कोणताही नवा उपदेशक दिसला की लोक चौकशी करतात, आणि केलीच पाहिजे. जुन्या, नोंदणीकृत मंडळीच्या छत्राखालीच या. किनाऱ्यावर मुसलमान शेजारी पुष्कळ आहेत, त्यांच्याशी आधी शेजारधर्म ठेवा.

तब्येतीचं. केनियातून भारतात परतताना यलो फीवरच्या लसीचा दाखला लागतो, नसेल तर विमानतळावर विलगीकरणात ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि दाखला दहा दिवसांनी लागू होतो. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, त्यामुळे भाऊ, तुम्ही साठीच्या आतच फिजिशियनला विचारून निर्णय घ्या. किनाऱ्यावर मलेरिया आहे. मच्छरदाणी रोज लावा, आणि ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. भारतातली आरोग्य विम्याची पॉलिसी इथे सहसा चालत नाही, तरी ती बंद करू नका, परतल्यावर या वयात नवी मिळणं कठीण. इथल्यासाठी वेगळा विमा घ्या, त्यात नैरोबीला विमानाने हलवण्याची सोय हवी.

पेन्शन तिकडच्या खात्यात जमा होत राहील. परदेशी राहायला जाताय हे बँकेला कळवा, खातं एनआरओ करावं लागेल. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला विसरू नका. घराचं मुखत्यारपत्र एका मुलाच्या नावे करा आणि ते सगळ्या भावंडांसमोर करा.

मुलांना समजावण्यापेक्षा दाखवा. ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवेश-परवानगी, काढून आधी दोन महिने नुसते पाहुणे म्हणून या, त्या काळात काम करायचं नाही. मुंबई ते नैरोबी थेट विमानाने सहा तासांच्या आसपास, पुढे मोंबासापर्यंत रेल्वे. एखाद्या मुलाला सोबत आणलंत तर उत्तम. हवा कोकणासारखी दमट आहे, नारळ, आंबा, काजू सगळं आहे, आणि सकाळी नारळाच्या दुधातली तूर महाम्रीसोबत, म्हणजे तळलेल्या गोडसर पावासोबत, खाल्लीत की जेवणाची चिंता मिटेल. स्वाहिलीचा अभ्यास मात्र तिथूनच सुरू करा. इंग्रजीवर शहरात भागतं, म्हाताऱ्या आजीच्या खाटेपाशी भागत नाही.

बिशपसाहेबांना लिहायच्या पत्राचा मसुदा झाला की मला पाठवा, परमिटचा भाग मी तपासून देते. आणि वहिनींच्या कामाचा मजकूर वहिनींनीच लिहावा, भाऊंनी नाही.