'निव्वळ शून्य' म्हणजे काहीच नाही?

प्रश्न असा आला आहे : "मी पुण्याजवळच्या एका मोठ्या कारखान्यासाठी भाषांतरं करते. कंपनीच्या पर्यावरण अहवालाचा मराठी गोषवारा कामगारांच्या सूचनाफलकावर लावायचा होता. 'नेट झिरो'साठी, म्हणजे कारखान्यातून जेवढा कार्बन वायू हवेत जातो तेवढाच परत शोषला जावा या उद्दिष्टासाठी, मी 'निव्वळ शून्य' लिहिलं. दुसऱ्या दिवशी लाइनवरचे एक काका म्हणाले, 'ताई, हे वाचून कंपनीनं काहीच केलं नाही असं वाटतंय.' साहेब म्हणतात 'शुद्ध शून्य' करा. 'कार्बन तटस्थ' चालेल का? की सरळ 'नेट झिरो'च ठेवू?"

काकांचं अजिबात चुकलेलं नाही. 'निव्वळ' हा शब्द मराठीत दोन घरांत नांदतो. 'निव्वळ थापा', 'निव्वळ आळशीपणा' असं म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ 'नुसत्या', 'निखालस'. 'निव्वळ नफा', 'निव्वळ वजन' म्हणतो तेव्हा 'वजा करायचं ते करून हाती राहिलेलं'. कोणता अर्थ घ्यायचा ते पुढचं नाम ठरवतं. पुढे मोजायची गोष्ट असली की हिशेबातला अर्थ, नाहीतर बोलण्यातला. आता 'शून्य' ही पंचाईत आहे, कारण ती संख्याही आहे आणि शेराही. 'व्यवहारज्ञान शून्य' म्हणताना आपण काही मोजत नसतो. म्हणून 'निव्वळ शून्य' नुसतं लिहिलं की ते शेऱ्यासारखं वाचलं जातं.

उपाय मात्र अगदी छोटा आहे. शब्द बदलू नका, जागा बदला. 'निव्वळ शून्य उत्सर्जन' ऐवजी 'निव्वळ उत्सर्जन शून्य' लिहा. विशेषण उत्सर्जनाला चिकटलं की ते हिशेबाचं झालं. ही रचना मी शोधलेली नाही. तीस वर्षं नागरी बँका आणि पतसंस्थांची दप्तरं तपासली, त्यातल्या कित्येकांच्या वार्षिक अहवालात पहिल्याच पानावर ठळक टायपात असायचं, 'निव्वळ एनपीए (म्हणजे थकीत कर्जं) शून्य टक्के'. सभासद टाळ्या वाजवायचे. एखादा खवट म्हातारा मात्र उठून विचारायचा, "अन् एकूण किती?" समजा सहा कोटींचं कर्ज बुडीत निघण्याच्या बेतात आहे आणि बँकेनं नफ्यातून तेवढ्याच रकमेची तरतूद करून ठेवली आहे. तर निव्वळ एनपीए शून्य. थकबाकीदार जागच्या जागी आहेत, कर्ज वसूल झालेलं नाही, फक्त त्याच्या समोर तेवढीच रक्कम उभी केली आहे. 'नेट झिरो'मागची वजाबाकी याहून वेगळी नाही. त्यामुळे तुमच्या काकांच्या घरी पतसंस्थेचा अहवाल येत असेल तर ही कल्पना त्यांना अनोळखी नाही, फक्त शब्दांचा क्रम अनोळखी होता.

आता थोडं मुळाकडे. 'निवळ' हा 'निर्मळ'चा भाऊ, दोघांचा बाप संस्कृत 'निर्मल'. त्यातला व दुप्पट झाला तो बोलताना जोर देण्यासाठी. पाणी निवळतं, आकाश निवळतं, घरातली भांडणंही निवळतात. आणि 'निवळी' नावाचं झाड आहे, त्याची बी सहाणेवर उगाळून गढूळ पाण्यात ढवळायची. काही वेळानं गाळ तळाशी बसतो आणि वरचं पाणी नितळ होतं. यात लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की गाळ कुठे गेलेला नसतो, हंड्याच्या बुडाशी असतो. संस्कृतात या झाडाला 'कतक' म्हणतात. कतकाचं फळ पाणी स्वच्छ करतं खरं, पण नुसतं त्याचं नाव घेतल्यानं पाणी निवळत नाही, अशा अर्थाचा श्लोक मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात आहे. तो सांगितला आहे आश्रमधर्माबद्दल, पण मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती वाचताना मला हटकून आठवतो.

एक उदाहरण जवळून बघू, म्हणजे शब्द कुठे कुठे अडतो ते कळेल. ॲपलनं सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या घड्याळाचे काही नमुने कंपनीचं पहिलं 'कार्बन न्यूट्रल' (तुमच्या प्रश्नातलं 'कार्बन तटस्थ') उत्पादन म्हणून बाजारात आणले. त्यामागे खरं काम होतं. घड्याळ बनवायला लागणारी आणि ग्राहक ते चार्ज करताना वापरेल ती सगळी वीज स्वच्छ स्रोतांच्या हिशेबात बसवली. वजनाच्या किमान ३० टक्के भाग पुनर्वापराच्या किंवा नूतनीकरणक्षम साहित्याचा. निम्मी वाहतूक विमानाऐवजी दुसऱ्या मार्गांनी, कारण तेवढाच माल जहाजानं नेला तर विमानाच्या मानानं फारच कमी इंधन जळतं. (याच कंपनीनं २०२०मध्ये फोनच्या खोक्यातून चार्जर काढून टाकला तेव्हा लोक चिडले होते. पण खोकं बारीक झालं आणि एका पॅलेटवर ७० टक्के जास्त खोकी मावू लागली. चिडणाऱ्यांत मीही होतो.) या सगळ्यानं त्या घड्याळाच्या एका नमुन्याचं उत्सर्जन कंपनीच्या हिशेबानं ७८ टक्क्यांनी घटलं आणि घड्याळामागे सुमारे ८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उरलं. हे ८ किलो कंपनीनं घटवलेले नाहीत. ते झाडं लावण्यासारख्या प्रकल्पांची क्रेडिट, म्हणजे दुसरीकडे कार्बन शोषल्याची विकत मिळणारी प्रमाणपत्रं, घेऊन समोरासमोर मांडले आणि शून्य लिहिलं. तरतूद केली, म्हणा ना.

पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या न्यायालयानं घड्याळाची 'कार्बन न्यूट्रल' अशी जाहिरात करायला मनाई केली. अडलं ते नेमकं त्या तरतुदीपाशी. झाडं पॅराग्वेतली, निलगिरीची, आणि प्रकल्पाच्या तीन चतुर्थांश जमिनीचा भाडेकरार २०२९ मध्ये संपणारा. त्यानंतर ती झाडं उभी राहतील याची हमी नाही, आणि ग्राहक तर दीर्घकाळाची हमी गृहीत धरतो, असं न्यायालयाचं म्हणणं. लेखापरीक्षकाच्या भाषेत सांगायचं तर तारण कच्चं निघालं. ७८ टक्क्यांच्या कामाला मी कमी लेखत नाही. तो आकडा मोठा लिहिला असता आणि शून्य बारीक, तर कदाचित कोर्टापर्यंत गोष्ट गेलीच नसती.

आता साहेबांचा 'शुद्ध शून्य'. तो हिंदीतून आला आहे. हिंदीत 'शुद्ध लाभ' म्हणजे निव्वळ नफा, तिथे तो बरोबरच आहे. मराठीत मात्र 'शुद्ध' म्हटलं की तूप, सोनं, एकादशी आणि लेखन आठवतं, आणि 'शुद्ध मूर्खपणा'ही आठवतो. म्हणजे काकांची शंका तशीच राहणार, वर पावित्र्याचा वास येणार.

'कार्बन तटस्थ'बद्दल माझी तक्रार दोन प्रकारची आहे. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला, पाण्यात न उतरलेला. कारखाना तर गळ्यापर्यंत पाण्यात आहे. दुसरी तक्रार जास्त महत्त्वाची, की हे दोन शब्द एका अर्थाचे नाहीत. एखादी कंपनी फारशी कपात न करता सगळ्या उत्सर्जनाची क्रेडिट विकत घेऊनही स्वतःला 'न्यूट्रल' म्हणवू शकते. 'नेट झिरो'चा जो निकष विज्ञानाधारित लक्ष्यांची तपासणी करणाऱ्या एसबीटीआय या संस्थेनं २०२१ मध्ये आणला, त्यात उशिरात उशिरा २०५० पर्यंत बहुतेक कंपन्यांनी उत्सर्जन ९० टक्के किंवा त्याहून जास्त घटवायचं आणि मगच राहिलेल्याचं बघायचं, असा क्रम आहे. अहवालात मूळ शब्द कोणता आहे ते पाहून लिहा, एकाच्या जागी दुसरा नको.

'नेट झिरो' तसंच ठेवायला माझी तात्त्विक हरकत नाही, वर्तमानपत्रांत रुळलं आहे. पण मराठी माणूस 'नेट लावून' काम करतो, 'नेटानं' संसार करतो. त्या नेटाच्या पुढे झिरो आलं की काय होतं, ते काका तुम्हाला सांगतीलच.

तुमच्या प्रश्नात नाही, पण पुढच्या पानावर अडेल असा शब्द म्हणजे 'ऑफसेट', अशी क्रेडिट घेऊन उत्सर्जनाची केलेली भरपाई. तो तसाच ठेवलात तर फलकासमोर उभा असलेला निम्मा कारखाना छापखाना समजेल. आपल्याकडे हिशेबात 'वळती करणे' असा झकास प्रयोग आहे. पगारातून उचल वळती करून घेतात, ठेवीतून कर्ज वळतं करतात. जुन्या हिशेबी आणि कायद्याच्या भाषेत याच अर्थी 'मुजरा' होता, पण तो आज लिहिलात तर भलतंच चित्र उभं राहील. फलकासाठी 'भरपाई' पुरेसा आहे. 'कार्बन'ला जुना मराठी शब्द 'कर्ब', आणि तो मेलेला नाही. माती परीक्षणाच्या कागदावर 'सेंद्रिय कर्ब' वाचणारे शेतकरी तुमच्या कारखान्यातल्या कामगारांचे भाऊच असतील. तरी इथे मी 'कार्बन'च ठेवीन, कारण अहवालाचे आकडे प्रत्यक्षात कार्बन डायऑक्साइडचे असतात. एक टन कार्बन जळला की साडेतीन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड होतो, तेव्हा मातीतला कर्ब आणि धुराड्यातला आकडा एका शब्दात नकोत.

'उत्सर्जन' शाळेच्या विज्ञानात मूत्रपिंडाच्या धड्यात भेटतं म्हणून काहीजण नाक मुरडतात. मुरडू द्या. शरीर काय आणि धुराडं काय, नको ते बाहेर टाकण्याचंच काम आहे.

फलकावर हिशेब बारदानाच्या चालीनं लिहावा असं मला वाटतं. गोणीसकट ५१ किलो, बारदान १ किलो, निव्वळ ५०. अडत्याच्या पट्टीवर तिन्ही आकडे असतात, नुसता तिसरा लिहिला तर शेतकरी पट्टी तोंडावर फेकेल. तसंच एकूण उत्सर्जन किती होतं, त्यातलं घटवलं किती, भरपाई कशाची आणि किती, आणि मग निव्वळ उत्सर्जन किती, अशा चार ओळी. पहिल्या ओळीत बँकांच्या सवयीनं 'ढोबळ' लिहू नका, कारण 'ढोबळ' म्हणजे 'अंदाजे' असंही वाचतात. 'एकूण' लिहा. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीनं २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचे अहवाल बंधनकारक केले आहेत, तेव्हा तुमची कंपनी त्यांत असेल तर एकूण उत्सर्जनाचा आकडा तरी कुठल्यातरी तक्त्यात सापडेल, बाकीचे मागून घ्या.

आणि कपात करून जे राहतं, त्याला प्रश्नासोबत पाठवलेल्या मसुद्यात तुम्ही 'शिल्लक उत्सर्जन' म्हटलंय. ते तेवढं बदला. शिल्लक ही मराठी माणसाच्या आनंदाची गोष्ट आहे, 'उरलेलं उत्सर्जन' म्हणा.