शाळेच्या गणिताच्या पेपरात आकडे इतके सोपे आणि प्रश्न इतके विचित्र का असतात?

तुम्ही लिहिलंय की मुलगा पाचवीत आहे, त्याच्या चाचणीत एक माणूस ६० कलिंगडं घेतो, ती ५ जणांत वाटतो, आणि प्रत्येक भागाकार निःशेष जातो. असे खोटे आकडे नि असे प्रश्न मुलांना का देतात, हा तुमचा प्रश्न. मी गेली अठरा वर्षं नागपुरात नंदनवनला घरी गणिताची शिकवणी घेते, त्यामुळे राहवलं नाही.

आकडे सोपे हवेतच. भागाकार कधी करायचा हे कळलं का, एवढंच तपासायचं असेल तर ६० ला ५ ने भागायला लावण्यात गैर काही नाही. आमच्या आजोबांच्या काळी १६ आण्यांचा रुपया नि १२ पैचा आणा होता. तेव्हा साध्या खरेदीचा हिशेबही पोरांना घाम फोडायचा, म्हणून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे पाव, अर्धा, पाऊण, सव्वाचे पाढे पाठ करून घेत. १९५७ मध्ये शंभर नव्या पैशांचा रुपया आला नि ते ओझं उतरलं. मात्र सोप्या आकड्यांची सवय लागते, हे खरं. वर्तुळाची त्रिज्या कायम ७, १४ नाहीतर २१, कारण २२/७ मधला सात कटला पाहिजे. एकदा मी त्रिज्या १० दिली तर आठवीतली मुलगी म्हणाली, "मॅडम, प्रश्न चुकलाय."

माझं दुखणं वेगळं आहे. ते सहावीतलं, १९९३ च्या सहामाहीतलं.

बाबा शिंपी. नागपूरच्या महाल भागात गांधी गेटजवळ दुकान, दोन मशिनी. सहामाही नेहमी दिवाळीच्या तोंडावर यायची, म्हणजे आमच्याकडे कामाचा सगळ्यात कहर असायचा तेव्हा. मी काज-बटनं करत करत अभ्यास करायची. पेपरात प्रश्न आला: एका शर्टाला २ मीटर कापड लागते, तर २५ मीटर कापडात किती शर्ट होतील? तीन गुण. मी लिहिलं, १२ शर्ट होतील, १ मीटर उरेल, त्यात लहान बाळाचं झबलं होईल. सरांनी लाल शाईने काट मारली, बाजूला १२.५ लिहिलं आणि एक गुण दिला. मी विचारायला गेले की सर, अर्धा शर्ट कसा शिवायचा? सर म्हणाले, "हे गणित आहे, शिंपीकाम नाही." अख्खा वर्ग हसला.

घरी आले ती रडतच. बाबांनी पायाखालची मशीन थांबवली. "काहून रडून राहिली?" पेपर दाखवला. त्यांनी प्रश्न दोनदा वाचला आणि विचारलं, "पन्हा किती लिहिला आहे?" पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, ती लिहिलीच नव्हती. "पन्हा नाही त मास्तरानं कापड मोजलं कसं?"

रात्री दुकान वाढवल्यावर त्यांनी मला बेतायच्या टेबलाशी उभं केलं. छत्तीस इंचाचा पन्हा असेल तर मोठ्या माणसाच्या फुल बाहीच्या शर्टाला सव्वादोन मीटर धर. अकरा दुणे बावीस, अकराची पावकी पावणेतीन, झाले पावणेपंचवीस. म्हणजे अकरा शर्ट, पाव मीटर शिल्लक. अठ्ठावनचा पन्हा असेल तर एक मीटर साठ सेंटिमीटरमध्ये काम होतं, तेव्हा त्याच पंचवीस मीटरमध्ये पंधरा शर्ट बसतात आणि मीटरभर उरतं. सुती कापड धुतलं की आटतं, ते वेगळं सोडायचं. आणि बरेच शर्ट एकदम बेतले तर एकाच्या बाहीजवळच्या रिकाम्या जागेत दुसऱ्याची कॉलर नि पट्ट्या बसतात, तिथं कापड वाचतं. हे सगळं त्यांनी खडूने आखून दाखवलं. बाबा सातवीपर्यंत शिकलेले. इतकं चांगलं गणित मला पुढे बीएस्सीतही कुणी शिकवलं नाही.

दादा तेव्हा दहावीत होता, सगळ्यांत हुशार. तो म्हणाला, "पेपरात जे विचारलं तेच लिहायचं, दुकान आणायचं नाही." तो इंजिनीयर झाला, पुण्याला असतो, आणि आजही दिवाळीला विषय निघाला की सरांचीच बाजू घेतो.

दादा, हे तुलाही सांगते, सर चुकले होते. २ मीटर धरले, पन्हा सोडला, इथवर माझी हरकत नाही, सोपं करायलाच हवं. पण भागाकार झाल्यावर त्या अर्ध्याचं काय करायचं हे ठरवणं, हाही त्याच गणिताचा भाग आहे. अमेरिकेत ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तेरा वर्षांच्या मुलांना एका मोठ्या चाचणीत विचारलं होतं की एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, तर ११२८ सैनिकांना किती बस लागतील? भागाकार ७० टक्के मुलांना बरोबर आला. तरी २९ टक्क्यांनी "३१ बस, बाकी १२" असं लिहिलं, १८ टक्क्यांनी नुसतं ३१. बत्तीस लिहिणारी फक्त २३ टक्के. ३१ वर थांबलेल्या पोरांनी १२ सैनिक रस्त्यावर सोडले. फ्रान्समध्ये त्याच सुमारास लहान मुलांना विचारलं, जहाजावर २६ मेंढ्या नि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? बहुतेकांनी आकडे जुळवून उत्तर काढलंच. माझ्या पाचवीच्या बॅचलाही मी हे विचारून पाहिलंय. छत्तीस आलं. पोरं मंद नाहीत. प्रश्न वाचायचा नसतो, त्यातले आकडे उचलायचे असतात, हे आपणच त्यांना शिकवलंय.

म्हणून कलिंगडांवर रागावू नका. साठ कलिंगडं घेणारा माणूस विचित्र नाही, कळमन्याच्या फळबाजारात सकाळी जाऊन बघा. विचित्र ती उत्तरपत्रिका, जिच्यात विचार करणाऱ्या पोराचे गुण कापले जातात. मुलाला सांगा, रीत पूर्ण लिहायची, भागाकाराचं उत्तर लिहायचं आणि खाली एका ओळीत उरलेल्याचं काय करणार ते लिहायचं. गुण कापले तर तुम्ही स्वतः शाळेत जा आणि शांतपणे विचारा. माझे बाबा गेले नाहीत, दिवाळीचं काम होतं नि मास्तरांसमोर बोलायचा संकोच होता.

हो, एक राहिलं. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत नुसता गोल काळा करायचा असतो, तिथं खाली ओळ लिहायला जागा नाही. तिथं दादाचंच ऐकावं लागतं, पर्यायांत जे दिलंय तेच निवडायचं. आणि सगळे शिक्षक तसे नसतात. सातवीत मला ज्या बाई होत्या त्यांनी झबल्याचे पूर्ण गुण दिले असते.

दादाने दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या फ्लॅटमध्ये फरशी बदलली. खोलीचं क्षेत्रफळ काढलं, फरशीच्या क्षेत्रफळाने भागलं आणि आलं तेवढ्याच फरश्या मागवल्या. कोपऱ्यात कापताना तुकडे वाया गेले, नऊ फरश्या कमी पडल्या, आणि दुकानात तो लॉट संपलेला. नवीन लॉटचा रंग जुळेना. दाराजवळची ती ओळ अजून वेगळी दिसते. बाबा तेव्हा होते. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "कतरण धरली नव्हती काय रे?"