वाचकांचे प्रश्न : यान साच्यात अडकले आहे की वाटेत आहे?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही पाच मित्र धातूच्या लहान गाड्या आणि याने जमवतो आणि महिन्यातून एका रविवारी धरमपेठेत कोणाच्या तरी घरी भेटतो. माझ्या मामांनी १९७७ साली इंग्लंडहून आणलेले डिंकी कंपनीचे 'ईगल' हे यान अजून माझ्या कपाटात आहे. 'स्पेस : १९९९' या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेतील त्याच यानाची, पण चित्रीकरणात वापरलेल्या नमुन्याशी अधिक जुळणारी डाय-कास्ट (वितळलेला धातू साच्यात दाबून घडवलेली) प्रतिकृती परदेशातील एक लहान संस्था लोकवर्गणीतून काढत आहे, असे कळल्यावर आम्ही पाच नग नोंदवले. टपालखर्च वाचावा म्हणून सगळे नग माझ्या नावाने आणि माझ्याच कार्डावर घेतले. यान गेल्या वर्षी दिवाळीपूर्वी येणार होते. पुढे मार्च महिना सांगितला गेला, मग जून, आणि आता नुसतेच 'काम सुरू आहे, धीर धरावा' असे कळवतात. एका मित्राने पैसे परत मागितले आहेत, दुसऱ्याने भेटीला येणे सोडले आहे. पैसे बुडाले असे समजावे का? थांबायचे तर कशाच्या भरवशावर थांबावे?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपल्या पत्रात निर्मात्याने दिलेल्या तीन तारखा आल्या आहेत, पण काम कोणत्या टप्प्यावर आहे हे कुठेही आलेले नाही. म्हणून पैसे बुडाले की नाही, हे मला येथून सांगता येणार नाही. ते आपल्याला स्वतःला कसे ओळखता येईल, एवढे मात्र सांगता येईल. निर्मात्याला पुढचे पत्र लिहाल तेव्हा 'केव्हा' हा प्रश्न त्यात ठेवू नका. साचा कुठवर आला, एवढेच विचारा.

डाय-कास्ट वस्तूचा खर्च आणि उशीर हे दोन्ही मुख्यतः साच्यात असतात. कठीण पोलादाच्या, दोन भागांत उघडणाऱ्या साच्यात जस्ताचा वितळलेला मिश्रधातू मोठ्या दाबाने भरला जातो आणि काही क्षणांत थिजतो. हा मिश्रधातू ३८० ते ३९० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मानाने बऱ्याच कमी तापमानाला वितळतो. त्यामुळे पोलादावर ताण कमी पडतो आणि एकाच साच्यातून लाखो नग निघू शकतात. मोठ्या खेळणी-कंपनीला हा व्यवहार परवडतो, कारण साच्याची किंमत लाखो गाड्यांवर विभागली जाते. थोड्या संग्राहकांसाठी काढलेल्या यानाच्या बाबतीत तीच किंमत मोजक्या लोकांच्या डोक्यावर येते, आणि तीही पहिला नग निघण्याच्या कितीतरी आधी. लहान संस्था लोकांकडे आगाऊ पैसे मागतात ते यामुळेच, आणि त्यात मुळात काही गैर नाही.

त्यातून आपण निवडलेले यान तर साचा करणाऱ्याची परीक्षा पाहणारे आहे. पुढे चालककक्ष, मागे इंजिनांची नळकांडी, मध्ये काढता-घालता येणारा प्रवासी डबा आणि हे सारे धरून ठेवणारी नळ्यांची उघडी जाळीदार चौकट, अशी ब्रायन जॉन्सन यांनी ईगलची आखणी केली. पडद्यावर ते यान आजही खरे वाटते ते त्या चौकटीमुळे. पण ज्या तुकड्यात चहूबाजूंनी आरपार पोकळ्या आहेत, तो दोन भागांच्या साच्यातून सरळ बाहेर येत नाही. त्यासाठी साच्याला बाजूने सरकणारे भाग बसवावे लागतात, किंवा चौकट अनेक तुकड्यांत ओतून जुळवावी लागते, किंवा धातूचा हट्ट सोडून तेवढा भाग प्लास्टिकचा करावा लागतो. डिंकीने १९७५ साली आपले ईगल काढले तेव्हा आकार पुष्कळ सोपा करून घेतला होता. मामांनी दिलेले यान मालिकेतील छायाचित्राशेजारी ठेवून पाहिलेत तर हे लगेच लक्षात येईल. जुळणी जितकी अधिक, तितके साच्याचे काम अधिक. शिवाय जस्ताचा मिश्रधातू अशा वस्तूंसाठी वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या प्लास्टिकच्या सुमारे सहापट जड असतो. संगणकावर सुबक दिसणारे बारीक पाय तेवढा भार पेलत नाहीत असे चाचणीत दिसले की आखणी पुन्हा हाती घ्यावी लागते.

आता पुराव्याविषयी. अशा मोहिमांत पहिल्यांदा जे देखणे, रंगवलेले यान दाखवले जाते ते बहुधा त्रिमितीय छपाई यंत्रावर काढलेला एकुलता एक नमुना असतो. मीही एका यानासाठी अडीच वर्षे थांबलो आहे, आणि पहिले दीड वर्ष अशाच एका नमुन्याची निरनिराळ्या कोनांतून काढलेली छायाचित्रे पाहून काम पुढे सरकत आहे असे मानत होतो. साचा तोपर्यंत सुरूही झाला नव्हता. हे कळल्यावर मला जे वाईट वाटले ते उशिरापेक्षा अधिक होते, म्हणून हे आवर्जून लिहितो. साचा तयार झाल्याची खरी खूण म्हणजे करडा, रंगाविना, ओबडधोबड तुकडा. त्याच्या कडांना धातूचे पातळ पापुद्रे चिकटलेले असतात, धातू आत शिरण्याच्या वाटेचा दांडाही कधी जोडलेलाच असतो, आणि जाड भागांवर थंड होताना पडलेले खोलगट डाग दिसतात. अशा चाचणीच्या तुकड्यांची छायाचित्रे मागा. ती आली तर हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये, म्हणजे साचे घडवणाऱ्या विभागात, काम करणारा कोणी ओळखीचा गाठा आणि त्याला ती दाखवा. साचा किती दुरुस्त्या मागतो आहे, हे तो तुम्हा-आम्हापेक्षा लवकर ओळखेल.

चाचणीचे तुकडे निघाले असतील तर उरलेला उशीर समजण्यासारखा असतो. साच्यात दुरुस्त्या होतात, मालिकेच्या हक्कधारकाकडून रंग आणि खोक्यापर्यंत प्रत्येक गोष्टीची मान्यता घ्यावी लागते, रंग भाजताना धातूत अडकलेली हवा फुगून पृष्ठभागावर फोड येतात आणि ती सारी खेप बाद होते. दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात अशा वस्तूंचे मोठे उत्पादन होते, आणि जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या चिनी नववर्षात तेथील कारखान्यांचे काम काही आठवडे थांबते. आपले यान तेथे बनत असेल, तर मार्चची तारीख का हुकली याचे एक साधे कारण त्यात असू शकेल. याउलट, इतक्या महिन्यांनंतरही करडा तुकडा दाखवता येत नसेल आणि कारखान्याशी करार झाला का या प्रश्नालाही बगल मिळत असेल, तर मी ती रक्कम बुडीत धरून पुढची पावले उचलीन.

उशीर आणि बुडणे यांत मोठे अंतर आहे, हे मित्रांना सांगताना आपल्या हाती काही आकडे असावेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ईथन मॉलिक यांनी किकस्टार्टर या मंचावरील प्रकल्पांचा अभ्यास केला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात ठरल्या वेळेनंतर वस्तू देणाऱ्यांचे प्रमाण ७५ टक्क्यांहून अधिक आढळले, तर २०१५ च्या पाहणीत वस्तू मुळीच न देऊ शकणारे प्रकल्प सुमारे ९ टक्के निघाले. म्हणजे उशीर हा येथला नेम आहे. तरीही ९ टक्के हा आकडा लहान नाही, आणि ज्याची रक्कम त्यात जाते त्याच्यापुरता तो पूर्ण शंभर असतो.

कायदेशीर बाजू थोडक्यात सांगतो. लोकवर्गणीच्या मंचावर दिलेली रक्कम ही दुकानातील खरेदी नाही, हे मंच स्वतःच बजावून सांगतात. किकस्टार्टरच्या अटींनुसार, वस्तू देता आली नाही तर निर्मात्याने पैसे कसे खर्च झाले ते उघड करावे, कोणते काम झाले ते सांगावे आणि उरलेली रक्कम वर्गणीदारांना त्या-त्या प्रमाणात परत देऊ करावी, अशी अपेक्षा असते. मंच स्वतः भरपाई देत नाही. आपली मोहीम ज्या मंचावर झाली त्याच्या अटी काढून वाचा आणि त्यातील नेमक्या कलमाचा उल्लेख करून लेखी हिशेब मागा. कार्डाच्या बँकेकडे तक्रार करण्याची मुदत मर्यादित असते, म्हणून ती आज उरली आहे का, याची चौकशी उद्यावर टाकू नका.

पैसे मागणाऱ्या मित्राचे काय करावे, हा आपल्या पत्रातला मला सर्वांत अवघड वाटलेला भाग. आपण त्याचे कर्जदार नाही. पाचही जणांनी जोखीम मिळून घेतली आणि केवळ सोयीसाठी ती आपल्या कार्डावरून गेली. पण ही गोष्ट तेव्हा कागदावर आली नाही, म्हणून आज ती आपल्या एकट्याच्या गळ्यात आहे. येत्या रविवारी पाचही जण बसा. कार्डावर प्रत्यक्ष वजा झालेली रुपयांतील रक्कम आणि बँकेने परकीय चलनासाठी घेतलेले शुल्क यांची पाच भागांत विभागणी लिहून काढा, आणि यान न आल्यास तोटा समान, आल्यास आयात शुल्कही समान, असे लिहून सगळ्यांनी सह्या करा. ज्याला बाहेर पडायचे आहे त्याच्या जागी दुसरा संग्राहक मिळाला तर उत्तम. नाही मिळाला, तर त्याने थांबावे. आपण खिशातून पैसे देऊन मैत्री राखू पाहाल तर उरलेल्या तिघांनाही तोच मार्ग मोकळा होईल. जो मित्र येईनासा झाला आहे, त्याला मात्र घरी जाऊन बोलावून आणा. ते काम पत्राने होणार नाही.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ती महत्त्वाची आहे. एकाच नावाने आलेल्या खोक्यात पाच सारखीच याने दिसली तर ती स्वतःच्या वापरासाठी आहेत हे सीमाशुल्क अधिकाऱ्याला पटवणे कठीण जाते, आणि व्यापारी आयात ठरली तर आयातदाराच्या नोंदणीपासून सारे प्रश्न उभे राहतात. खेळणी आणि लघुप्रतिकृती ९५०३ या एकाच शुल्कशीर्षकात येतात, आणि त्या शीर्षकातील खेळण्यांवरचे मूळ शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के झाले. स्वतःच्या वापरासाठी आलेल्या पार्सलचा दर निराळा असतो; तो त्या वेळी पाहून घ्यावा. शुल्काचा हिशेब वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर होतो आणि त्यावर पुन्हा एकात्मिक वस्तू व सेवा कर लागतो. म्हणून माल निघण्यापूर्वीच निर्मात्याला कळवून पाच पत्त्यांवर पाच खोकी मागवा. टपालखर्च वाढेल, तो वाढू द्या. किंमत कमी दाखवण्याची विनंती मात्र कधीही करू नका. ती खोटी घोषणा ठरते, आणि वाटेत यान मोडले तर विम्याची भरपाईही त्याच कमी किमतीवर मिळते.

प्रश्न : आजोबांची १९३० च्या दशकातील डिंकी मोटार आमच्याकडे आहे. तिच्या छताला बारीक भेगा पडल्या असून एक चाक हात लावताच भुगा झाले. ही कीड शेजारच्या नव्या यानांना लागेल का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : लागणार नाही. संग्राहक तिला जस्ताची कीड म्हणतात, पण हा संसर्ग नव्हे. हा दोष मोटार ओतली त्याच दिवशी तिच्यात शिरलेला आहे. जस्तात शिसे, कथील किंवा कॅडमियमचा अगदी अल्प अंश मिसळला तरी धातूच्या कणांमधील सीमा आतून गंजू लागतात, वस्तू फुगते, तडकते आणि शेवटी भुरभुरते. न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ साली अतिशुद्ध जस्तापासून 'झामॅक' मिश्रधातू सिद्ध केला तो याच दोषावर उपाय म्हणून. तरीही त्या काळच्या खेळण्यांच्या ओतकामात अशुद्ध धातू मिसळत राहिला आणि युद्धपूर्व डिंकी गाड्यांना त्याचा फटका बसला. तडकलेला धातू पूर्ववत करण्याचा उपाय नाही. वेग मात्र कमी करता येतो, कारण उष्णता आणि दमटपणा यांनी हा गंज बळावतो.

येथे नागपूरकरांनी एका सवयीकडे पाहावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेला की आपण वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावतो आणि संग्रहाचे कपाट नेमके त्याच खोलीत असते. बाहेरची कोरडी हवा धातूला मानवणारी असताना आपण घरात ओलावा भरतो. कपाट कूलरच्या झोतापासून दूर, शक्य तर दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि आत आर्द्रतामापक व सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. पावसाळ्यात पुड्या वरचेवर बदला. कपाट काच आणि रंगवलेल्या लोखंडाचे असावे. नव्या प्लायवूडमधून आणि एमडीएफमधून सुटणाऱ्या आम्लवाफांनी जस्त आणि शिसे दोन्ही गंजतात. आजोबांची मोटार हाताळताना छताला धरू नका, खालून तळहातावर घ्या. आणि आज आहे त्या स्थितीत तिची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवा.

प्रश्न : लोकवर्गणीची मुदत संपली आहे. एक गृहस्थ त्यांच्या नावावरचे, अजून न आलेले यान मला थोड्या जास्त किमतीत देण्यास तयार आहेत. घ्यावे का?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : यान त्यांच्या हाती येईपर्यंत रक्कम देऊ नका. निर्मात्याच्या यादीत नाव त्यांचे राहील, तक्रार करण्याचा अधिकारही त्यांचाच राहील आणि आपल्याकडे केवळ त्यांचा शब्द असेल. त्यांना लेखी कळवा की यान आल्यावर, खोके उघडून पाहिल्यावर, आज ठरलेल्या किमतीला आपण ते घ्याल. ते गृहस्थ खरोखर देणार असतील तर एवढे मान्य करतील.